तोच एमआरआय, तेच औषध. मग देशागणिक बिलात एवढा फरक का?

रानजाई

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात घोळत असलेला प्रश्न आज विचारतेच.

आई धाकट्या बहिणीकडे न्यू जर्सीला गेली होती. घरासमोरच्या बर्फावरून पाय घसरला आणि मनगट मोडलं. इमर्जन्सीत नेलं. तिथे एक्स-रे काढला, स्प्लिंट बांधला, दुखणं थांबायच्या गोळ्या दिल्या आणि ऑर्थोपेडिकला दाखवा सांगून घरी पाठवलं. त्यानंतर महिनाभर पाकिटं येत राहिली. हॉस्पिटलचं बिल वेगळं, इमर्जन्सीतल्या डॉक्टरांचं वेगळं, एक्स-रे वाचणाऱ्या रेडिओलॉजिस्टचं वेगळं. सगळं मिळून सहा हजार डॉलरच्या वर गेलं. बिलातली सगळ्यात मोठी रक्कम उपचाराची नव्हतीच. 'इमर्जन्सी विभाग, स्तर 4' अशी ती ओळ होती, म्हणजे त्या विभागात पाऊल ठेवल्याचे पैसे.

तसंच फ्रॅक्चर माझ्या सासूबाईंना कोथरूडमध्ये झालं होतं. एक्स-रे, प्लास्टर, नंतरच्या खेपा, सगळं धरून दहा हजार रुपयांच्या आत भागलं.

अमेरिका महाग आहे हे मलाही माहीत आहे. पण एक्स-रेचं मशीन दोन्हीकडे एकाच कंपनीचं, आणि तिथल्या डॉक्टरीणबाई तर नागपूरला शिकलेल्या निघाल्या! मग एवढा फरक पडतो कुठे? आणि जिथे पगार आपल्यापेक्षा कितीतरी जास्त आहेत त्या जर्मनी-जपानमध्ये लोकांना अशी बिलं का येत नाहीत? त्या त्या देशात राहणाऱ्यांनी आणि वैद्यकीय क्षेत्रातल्या लोकांनी सविस्तर लिहावं.

घाटमाथा

सरळ उत्तर आहे, पगार. अमेरिकेत नोंदणीकृत नर्सला वर्षाला नव्वद हजार डॉलरच्या घरात मिळतात. आपल्याकडे छोट्या हॉस्पिटलात सिस्टरला महिन्याला पंधरा-वीस हजार रुपये मिळाले तरी पुष्कळ. डॉक्टर, टेक्निशियन, सफाई कामगार, जागेचं भाडं, सगळ्याला हाच गुणाकार लावा. तिथे केस कापायलाही तीस डॉलर पडतात, त्याबद्दल कोणी धागा काढत नाही.

शिवाय कोर्टकचेरी. डॉक्टरवर दावा ठोकायची भीती, त्यासाठी विम्याचे हप्ते, मग नको त्या तपासण्या. हे सगळं शेवटी पेशंटच्याच बिलात येतं.

ओलीसुकी

आईंचा हात आता कसा आहे?

रानजाई

@ओलीसुकी, आता छान आहे. मूठ पूर्ण वळते, परवा पुरणपोळ्या लाटल्या तिने. विचारल्याबद्दल आभार.

तिरफळ

घाटमाथा, फक्त भारत आणि अमेरिका समोर ठेवले तर तुमचं म्हणणं बरंचसं पटतं. पण रानजाईंच्या प्रश्नाचा दुसरा भाग त्यात सुटत नाही. 2023 मध्ये अमेरिकेत आरोग्यावर माणशी साधारण 14,570 डॉलर खर्च झाले, जीडीपीच्या 17.6 टक्के. जर्मनी 12 टक्क्यांच्या आसपास आहे, ब्रिटन आणि जपान 11 च्या. तिथले लोक काही फुकट राबत नाहीत. आणि अमेरिकन माणूस डॉक्टरकडे जास्त जातो म्हणावं तर तेही नाही. जपानी माणूस वर्षातून डझनभर वेळा जातो, अमेरिकन चारेक वेळा. 2003 साली जेरार्ड अँडरसन, उवे राइनहार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच मांडलं होतं की सेवेचा वापर जास्त नाही, प्रत्येक सेवेचा दर जास्त आहे. दाव्यांच्या भीतीचा खर्च धरूनसुद्धा तो भाग एकूण खर्चाच्या अडीच टक्क्यांच्या आसपास भरतो, असा 2010 चा एक अभ्यास आहे. म्हणजे खरा, पण छोटा.

मी ओहायोत हॉस्पिटलच्या बिलिंग विभागात काम करते, त्यामुळे आतलं सांगते. प्रत्येक हॉस्पिटलची दरांची एक अवाढव्य यादी असते, तिला चार्जमास्टर म्हणतात. त्या यादीतला आकडा जवळजवळ कोणीच भरत नाही. मेडिकेअर, म्हणजे 65 वर्षांवरच्यांचा सरकारी विमा, आपला दर स्वतः ठरवतो आणि हॉस्पिटल तो मान्य करतं. खाजगी विमा कंपन्या घासाघीस करून आपापला दर पाडून घेतात. कंपनी जेवढी मोठी तेवढी सवलत जास्त, आणि त्या गावात हॉस्पिटल एकच असेल तर सवलत कमी. ज्याच्यामागे कोणीच नाही त्याच्या हातात मूळ यादीतला आकडा पडतो. रानजाई, तुमच्या आईंच्या बाबतीत हेच झालं.

एकाच इमारतीतल्या एकाच एमआरआय मशीनचे दर माझ्या स्क्रीनवर मी रोज बघते. एका योजनेला साडेचारशे डॉलर, दुसरीला अकराशे, तिसरीला दोन हजारांवर. 1 जानेवारी 2021 पासून हे दर जाहीर करणं हॉस्पिटलांना बंधनकारक झालं, पण त्या फाइली अशा असतात की सामान्य माणसाला त्यातून आपला दर शोधून काढणं महाकठीण. आणि एवढ्या वेगवेगळ्या दरांचा हिशेब ठेवायला माणसं लागतात. आमच्या मजल्यावर कोडिंग करणारे (म्हणजे प्रत्येक उपचाराला बिलासाठी कोड लावणारे), नाकारलेले दावे परत पाठवणारे, आधी मंजुरी मिळवणारे असे सगळे बसतो, आणि विमा कंपनीत आमच्या समोर तेवढेच लोक बसलेले असतात. अमेरिकेतल्या आरोग्यखर्चाचा 34 टक्के भाग प्रशासनात जातो आणि कॅनडात 17 टक्के, असा 2017 सालच्या आकड्यांवरचा अंदाज आहे. माझा पगार त्या 34 मधूनच येतो, आणि तरीही मला हे चूक वाटतं.

रानजाई, अजून पैसे भरले नसतील तर आधी प्रत्येक बाबीचं सुटं बिल मागा. मग हॉस्पिटल ना-नफा आहे का ते बघा. असेल तर आर्थिक मदतीचं लेखी धोरण ठेवणं त्यांना कायद्याने भाग आहे, त्याचा अर्ज मागा. रोख भरणाऱ्यांसाठी वेगळा दर असतो, तोही विचारा. न विचारता कोणी सांगत नाही.

शेवगा

नागोयातून लिहितोय. इथे उलटं टोक आहे.

क्लिनिकमधून बाहेर पडताना जी पावती मिळते तिच्यावर आधी गुण छापलेले असतात, येन नंतर. पहिल्या भेटीचे इतके गुण, रक्ततपासणीचे इतके, चिठ्ठी लिहिण्याचे इतके. एक गुण म्हणजे 10 येन. हा तक्ता सगळ्या देशाला एकच, मग तुम्ही टोकियोतल्या विद्यापीठाच्या हॉस्पिटलात जा नाहीतर होक्काइडोतल्या खेड्यात. हॉस्पिटलं बहुतेक खाजगी आहेत, दर मात्र सरकार ठरवतं आणि दर दोन वर्षांनी बदलतं. 1961 पासून प्रत्येकाला विमा सक्तीचा. बिलातले 30 टक्के आपण भरायचे, आणि महिन्याला एका मर्यादेपेक्षा जास्त झाले तर वरचा बहुतेक सगळा भार विमा उचलतो.

गुडघ्याचा एमआरआय काढला तेव्हा माझ्या खिशातून सहा-सात हजार येन गेले. मशीनं इथे ढीगभर आहेत, माणशी प्रमाण जगात सगळ्यात जास्त असलेल्या देशांत जपान येतो. दर कमी बांधून दिल्यामुळे कंपन्यांनी छोटी, स्वस्त मशीनं बनवायला घेतली. म्हणजे दर ठरवला की तंत्रज्ञानसुद्धा त्या दराला जुळवून घेतं. घाटमाथा, यावर तुमचं मत ऐकायला आवडेल.

फुकट काही नाही, तेही सांगतो. 'तीन तास थांबा, तीन मिनिटं तपासा' असं इथले लोकच म्हणतात. दर कमी म्हणून डॉक्टर पेशंट जास्त बघतात.

पाणकोंबडा

शेवगा, तो गुणांचा तक्ता आमच्या कोपऱ्यावरच्या डेंटिस्टला पाठवता का? रूट कॅनालचा दर विचारला की ते आधी मी कुठे नोकरीला आहे ते विचारतात :)

गच्चीवरून

मी सांगली जिल्ह्यात छोटं नर्सिंग होम चालवतो. आपल्याकडे बिल कमी का येतं याबद्दल दोन गोष्टी कोणी लिहिल्या नाहीत, त्या लिहितो.

पहिली, नातेवाईक. आमच्या वॉर्डात रात्री या. प्रत्येक कॉटखाली सतरंजी टाकून कोणीतरी झोपलेलं असतं. पेशंटला उठवून बाथरूमला नेणं, अंग पुसणं, घरचा डबा भरवणं, सलाइन संपत आलं की सिस्टरला हाक मारणं, रात्री दोन वाजता खाली जाऊन मेडिकलमधून इंजेक्शन आणणं, हे सगळं तो करतो. अमेरिकेत यातल्या प्रत्येक कामाला पगारी माणूस आहे आणि त्याचा खर्च बिलात येतो. इथे तो खर्च बुडालेल्या मजुरीच्या रूपाने त्या घरात पडतो. आमच्या बिलात दिसत नाही म्हणून तो नाही असं समजू नका.

दुसरी, संख्या. माझ्या ओपीडीत दिवसाला साठ-सत्तर पेशंट असतात. मदुराईच्या अरविंद नेत्रालयाने 1976 पासून हेच मोठ्या प्रमाणावर आणि उत्तम दर्जा राखून केलं. सर्जनचा प्रत्येक मिनिट शस्त्रक्रियेलाच जाईल अशी मांडणी केली, पुढे 1992 मध्ये डोळ्यात बसवायचं भिंग स्वतः बनवायला घेतलं. तेव्हा परदेशी भिंग गरिबाच्या आवाक्यातच नव्हतं.

आता आमच्या क्षेत्रातली घाणही सांगतो. कट प्रॅक्टिस आहे. पेशंट पाठवला की पाठवणाऱ्याला टक्केवारी पोचते, आणि ती पेशंटच्याच खिशातून जाते. 2017 साली राष्ट्रीय औषध मूल्य प्राधिकरणाने स्टेंटची, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवायच्या जाळीची, किंमत बांधली, औषधी स्टेंट 29,600 रुपये आणि साधा 7,260. त्याआधी तोच औषधी स्टेंट पेशंटला लाखाच्या वर पडायचा आणि मधला सगळ्यात मोठा नफा हॉस्पिटलच्या टप्प्यावर होता. हे प्राधिकरणाच्याच आकड्यांतून बाहेर आलं.

घाटमाथा

@शेवगा, दर बांधला की मशीन स्वस्त होतं हे जपानसारख्या स्वतः मशीन बनवणाऱ्या देशात ठीक आहे. आपण बहुतेक उपकरणं आयात करतो.

आणि मूळ प्रश्न वेगळाच आहे. सगळ्या देशांनी दर बांधले तर नवीन औषधं शोधायचा खर्च कोण करणार? अमेरिकन पेशंट जास्त भरतो म्हणून जगाला नवी औषधं मिळतात, हे मान्य करायला हवं.

मृद्गंध

औषधांचं मी लिहितो, पंचवीसेक वर्षं याच उद्योगात आहे, वापी आणि नंतर ठाणे.

1970 च्या पेटंट कायद्याने भारतात औषधाच्या रेणूवर पेटंट मिळणं बंद झालं, फक्त बनवण्याच्या पद्धतीवर मिळू लागलं. आपल्या रसायनतज्ज्ञांनी वेगळ्या वाटेने तोच रेणू बनवायला घेतला आणि त्यातून एक अख्खा उद्योग उभा राहिला. 2001 मध्ये सिप्लाच्या युसुफ हमीद यांनी एचआयव्हीची तीन औषधं मिळून दिवसाला एका डॉलरपेक्षा कमी दरात द्यायची तयारी दाखवली, तेव्हा श्रीमंत देशांत तोच उपचार वर्षाला दहा हजार डॉलरच्या वर होता. 2005 पासून जागतिक व्यापार कराराप्रमाणे रेणूवरचं पेटंट पुन्हा आलं, पण कायद्यात कलम 3(ड) ठेवलं गेलं. जुन्याच औषधात किरकोळ बदल करून नवं पेटंट मिळू नये यासाठी ते आहे. 1 एप्रिल 2013 ला सर्वोच्च न्यायालयाने रक्ताच्या कर्करोगावरच्या ग्लिवेकबाबत नोव्हार्टिसचा दावा याच कलमाखाली फेटाळला. त्याआधी 2012 मध्ये नेक्सावार या कर्करोगावरच्या औषधाचा सक्तीचा परवाना, म्हणजे पेटंटवाल्याची संमती नसतानाही ते बनवायची परवानगी, हैदराबादच्या नॅटकोला दिला गेला होता. महिन्याचा 2,80,000 रुपयांचा डोस नऊ हजारांच्या आत आला.

घाटमाथा, संशोधनाचा मुद्दा खरा आहे, मी तो उडवून लावणार नाही. पण हेपटायटिस सीचं सोफोस्बुव्हिर बघा. 2013 मध्ये अमेरिकेत एका गोळीची किंमत 1,000 डॉलर, बारा आठवड्यांच्या कोर्सची 84,000. ते विकणाऱ्या कंपनीनेच दुसऱ्याच वर्षी भारतीय कंपन्यांना परवाने दिले आणि इथे 28 गोळ्यांची बाटली वीस हजार रुपयांच्या आसपास बाजारात आली. म्हणजे किंमत ठरली ती त्या त्या देशात समोरचा किती देऊ शकतो आणि किती ताकदीने नाही म्हणू शकतो यावर. गोळी बनवायच्या खर्चाचा त्यात फारसा वाटा नव्हता.

अमेरिकेने तर नाही म्हणायचा हक्क स्वतःच सोडून दिला होता. 2003 च्या कायद्यात मेडिकेअरला औषधकंपन्यांशी दराबद्दल बोलणी करायला मनाई होती. ती 2022 मध्ये उठली आणि पहिल्या दहा औषधांचे ठरवलेले दर जानेवारी 2026 पासून लागू झाले. इन्सुलिन शोधणाऱ्यांनी 1923 मध्ये आपले पेटंट हक्क टोरांटो विद्यापीठाला एकेका डॉलरला दिले. शंभर वर्षांनी अमेरिकेत एका प्रसिद्ध ब्रँडच्या कुपीची छापील किंमत पावणेतीनशे डॉलर होती. त्या पैशाने कोणतं संशोधन झालं ते मला कोणी समजावून सांगावं.

वाफाळ

लेस्टरहून लिहितेय. इथे 5 जुलै 1948 पासून एनएचएस, म्हणजे राष्ट्रीय आरोग्य सेवा, आहे. मुलाचा दमा, माझं बाळंतपण, सासऱ्यांची अँजिओप्लास्टी, कशाचंही बिल आलं नाही. औषधाच्या प्रत्येक चिठ्ठीवरच्या बाबीला इंग्लंडमध्ये 9.90 पाउंड लागतात, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये तेही नाहीत. आमच्यासारख्या बाहेरून आलेल्यांना व्हिसाबरोबर आरोग्य अधिभार भरावा लागतो, प्रौढ माणसाला वर्षाचे 1,035 पाउंड, आणि वर पगारातून कर कापला जातो तो वेगळाच. त्यामुळे 'एनएचएस फुकट' असं कोणी म्हटलं की मला राग येतो.

मृद्गंध यांनी लिहिलेला नाही म्हणायचा हक्क इथे नाइस नावाची संस्था बजावते. नव्या औषधाने आयुष्याचं एक निरोगी वर्ष वाढवायला किती खर्च येतो ते मोजतात. तो ठरलेल्या मर्यादेच्या (वर्षानुवर्षं ती 20 ते 30 हजार पाउंड होती) वर गेला तर बहुधा कंपनीला दर उतरवावा लागतो, नाहीतर ते औषध मिळत नाही. ज्याच्या घरात तो पेशंट आहे त्याच्यासाठी हे फार क्रूर आहे, माझ्या मैत्रिणीच्या घरी मी ते जवळून बघितलंय.

आणि वाट बघणं. इंग्लंडमधली प्रतीक्षायादी सत्तर लाखांच्या आसपास आहे. सासूबाईंचा गुडघा वर्षाहून जास्त लांबला. शेवटी त्यांनी पुण्याला जाऊन करून घेतला. 2017 ला भारतात गुडघ्याच्या इम्प्लांटचेही दर बांधले गेले होते, त्यामुळे विमानाचं तिकीट धरूनही इथल्या खाजगी दरापेक्षा पुष्कळ कमी पडलं.

सीनाकाठ

सगळे प्रतिसाद वाचले. माहिती चांगली आहे. पण 'भारतात स्वस्त' हे शब्द वारंवार आले आणि मला बोलल्याशिवाय राहवत नाही.

आम्ही करमाळा तालुक्यातले. चुलतभावाला हार्टचा त्रास झाला, सोलापूरला एका खाजगी हॉस्पिटलात नेलं. आत घ्यायच्या आधी पन्नास हजार डिपॉझिट भरायला सांगितलं. रात्री अकरा वाजता कुठून आणणार? वहिनीचं गंठण एका ओळखीच्या सोनाराकडे ठेवून पैसे उभे केले. शेवटचं बिल सव्वादोन लाख. डॉलरमध्ये मोजलं तर अडीच-तीन हजार, अमेरिकेतल्या माणसाला ते काहीच वाटणार नाही. आमच्याकडे ती दोन एकर उसाच्या वर्षभराच्या हिशेबाची रक्कम आहे. पतसंस्थेचे हप्ते अजून चालू आहेत.

जनआरोग्य योजनेचं काय, असं विचाराल. त्या हॉस्पिटलला योजना लागू होती. पण योजनेचे बेड भरलेत असं सांगितलं. योजनेच्या मदतनीसाची, आरोग्यमित्राची, खुर्ची रिकामी होती, आणि फोन लावेपर्यंत भावाला आत घेतलं होतं. नंतरच्या गोळ्या तर आम्ही खिशातूनच घेतो, महिन्याला दोन-अडीच हजार.

सरकारी आकड्यांप्रमाणे 2013-14 मध्ये देशातल्या एकूण आरोग्यखर्चातले 64 टक्के लोक स्वतःच्या खिशातून भरत होते, 2021-22 ला ते 39 टक्क्यांवर आलं. कमी झालंय, मी नाकारत नाही. पण अजून शंभरातले एकोणचाळीस. अमेरिकेत ते अकराच्या आसपास आहे ना? म्हणजे बिल त्यांचं मोठं, पण माणसाच्या अंगावर आमचं जास्त पडतं.

रानजाई

सीनाकाठ, तुम्ही लिहिलंत ते बरं झालं. दर आणि भार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे माझ्या प्रश्नात आलंच नव्हतं.

अबोली

स्टुटगार्ट. इथे 1883 मध्ये बिस्मार्कने कामगारांसाठी आजारपणाचा विमा आणला, त्याचंच हे वाढलेलं रूप. पगाराच्या 14.6 टक्के आणि वर थोडा अधिक हप्ता, निम्मा मी भरते आणि निम्मा कंपनी. जास्त पगारवाला जास्त भरतो, उपचार सगळ्यांना सारखे. हॉस्पिटलात राहिलं तर दिवसाला 10 युरो, तेही वर्षात जास्तीत जास्त 28 दिवस.

हे लिहायचं कारण असं की धाग्यात 'सरकारी की खाजगी' अशी विभागणी होऊ लागली आहे. इथला विमा सरकार चालवत नाही, नव्वदच्या वर वेगवेगळे विमानिधी आहेत. पण हॉस्पिटलांशी आणि डॉक्टरांच्या संघटनांशी बोलणी ते एकत्र करतात. तिरफळ यांच्या ओहायोत प्रत्येक कंपनी वेगळी बसते, इथे सगळ्या एका बाजूला बसतात. माझ्या मते रानजाईंच्या सहा हजार डॉलरचं निम्मं उत्तर इथेच आहे. स्वित्झर्लंडमध्ये तर विमा कंपन्या खाजगी आहेत, तरी मूलभूत विमा सक्तीचा आणि त्यावर नफा कमवायला बंदी. महाग आहे तोही देश, पण अमेरिकेइतका नाही.

मांडवीतीर

थोडं अवांतर. देशादेशांतलं सोडा, आमच्याकडे नुसती गोवा-महाराष्ट्र सीमेवरची पत्रादेवीची हद्द ओलांडली तरी दर बदलतो. बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या सरकारी हॉस्पिटलात, सावंतवाडी, दोडामार्ग, बांद्याचे लोक पिढ्यानपिढ्या येतात. 2018 च्या सुरुवातीपासून गोव्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क लावलं तेव्हा सिंधुदुर्गात केवढा गदारोळ झाला. गोंयकारांचं म्हणणं, हॉस्पिटल आमच्या कराच्या पैशावर चालतं. सावंतवाडीकरांचं म्हणणं, आमची नाती, बाजार, सगळं तुमच्याशी, आजारी पडल्यावरच हद्द आठवते का? दोघांचंही मला पटतं. पण खर्च नाहीसा झालेला नाही, तो कोणाच्या वहीत मांडायचा एवढाच वाद आहे.

ओलीसुकी

मांडवीतीर, गोमेकॉच्या बाहेरच्या गाड्यावरचा रॉस ऑम्लेट मात्र दोन्हीकडच्यांना एकाच दरात मिळतो :)

गच्चीवरून

सीनाकाठ, तुमच्या भावाच्या बाबतीत जे झालं ते चूकच होतं. पण हॉस्पिटलवाल्यांची बाजूही मांडतो, कारण त्याशिवाय यातून मार्ग निघणार नाही. योजनेचे पॅकेज दर काही शस्त्रक्रियांना खर्चापेक्षा कमी आहेत आणि पैसे महिनोन्महिने थकतात. मोठं हॉस्पिटल ते सोसतं, माझ्यासारख्याचा सिस्टरांचा पगार अडतो. जपानमध्ये दर दोन वर्षांनी तक्ता बदलतो असं शेवगा यांनी लिहिलं. आपल्याकडे दर एकदा ठरला की त्याला हात लावायला कोणी तयार नसतं.

दर बांधूच नयेत असं मी म्हणत नाही. कोविडमध्ये, मे 2020 ला, महाराष्ट्र सरकारने खाजगी हॉस्पिटलांतल्या 80 टक्के खाटांचे दर बांधले. साधा वॉर्ड 4,000, व्हेंटिलेटरशिवाय आयसीयू 7,500, व्हेंटिलेटरसह 9,000. माझं हॉस्पिटल त्या दरात चाललं. पण पीपीई किट आणि महागडी औषधं त्यातून वगळली होती, आणि काही ठिकाणी सगळा खेळ नेमका तिथेच झाला. एक बाब बांधली की फुगवटा शेजारच्या बाबीत जातो, स्टेंटच्या वेळीही प्रोसिजरचे दर वाढले होते.

घाटमाथा

जर्मनीचं उदाहरण मला सगळ्यात पटलं. पगाराचा मुद्दा मी सोडत नाही, भारत-अमेरिका फरकात तो मोठाच आहे. पण एकत्र बसून दर ठरवायचा असेल तर सगळ्यांचा विमा हवा. आपल्याकडे शेतकरी, रिक्षावाला, घरकाम करणारी बाई यांच्या पगारातून कापणार कुठून? पगारपत्रकच नाही. तिथे करातून भरणं आलं, आणि आपला एकूण आरोग्यखर्च जीडीपीच्या चार टक्क्यांच्याही आत आहे. त्यातला सरकारचा वाटा निम्म्याहून कमी.

तिरफळ

@घाटमाथा, बरोबर. आणि नोकरीला विमा बांधण्याचा धोका आमच्याकडे बघा. 1942 मध्ये युद्धामुळे पगारवाढीवर बंदी आली, म्हणून कंपन्यांनी पगाराऐवजी विमा द्यायला सुरुवात केली, पुढे 1954 च्या करकायद्याने ती सवलत पक्की झाली. आजही नोकरी गेली की विमा जातो. कोविडच्या सुरुवातीला माझ्या शेजाऱ्यांचे दोन्ही एकाच महिन्यात गेले, ज्या महिन्यात त्यांची सगळ्यात जास्त गरज होती. भारतात नवीन काही करायचं असेल तर कृपा करून हे उचलू नका.

सीनाकाठ

गच्चीवरून डॉक्टर, तुम्ही मोकळेपणाने लिहिलंत, बरं वाटलं. पैसे थकतात हे मलाही माहीत आहे, पण त्याची शिक्षा पेशंटला का? एक व्यावहारिक प्रश्न. दरपत्रक लावायचा नियम आहे असं ऐकतो. आमच्याकडे मी चार-पाच हॉस्पिटलं फिरलो, एका ठिकाणी खोल्यांचे दर लावलेत, बाकी काही नाही. हे कोणाकडे विचारायचं?

गच्चीवरून

नियम आहे. महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी कायदा 1949 चा आहे आणि 2021 मध्ये त्याखालचे नियम सुधारले. दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावायची आहे. अडलेल्या बिलापायी मृतदेह रोखून धरता येत नाही. दरपत्रकात फक्त खोलीभाडं लिहून चालत नाही, आयसीयू, डॉक्टरांची भेट, तपासण्या हेही यायला हवं. शहरात महापालिकेचे आरोग्य अधिकारी आणि ग्रामीण भागात जिल्हा शल्य चिकित्सक यांच्याकडे नोंदणी असते, तक्रारही तिथेच करायची. माझं दरपत्रक रिसेप्शनच्या बाजूलाच आहे, फोटो इथे टाकतो, नमुना म्हणून दाखवायला उपयोगी पडेल.

सीनाकाठ

फोटो नक्की टाका. मी माहिती अधिकारात दोन गोष्टी मागणार आहे, तालुक्यातल्या नोंदणीकृत हॉस्पिटलांची यादी, आणि दरपत्रकाची शेवटची तपासणी कधी झाली त्याचा अहवाल. आणखी काय मागावं? अर्ज लिहिता येणाऱ्या कोणी मसुदा तपासून दिला तर उपकार होतील.

मृद्गंध

जनआरोग्य योजनेत तालुक्यातली आणि जवळच्या शहरातली कोणती हॉस्पिटलं आहेत, प्रत्येकाने गेल्या वर्षी किती रुग्ण योजनेत घेतले आणि किती दावे थकलेत, हेही मागा. म्हणजे तुमचा आणि डॉक्टरांचा, दोघांचा मुद्दा एकाच कागदावर येईल. मात्र हा वेगळा अर्ज करा, योजनेचं कार्यालय वेगळं आहे. मसुदा मला व्यक्तिगत निरोपात पाठवा, रविवारपर्यंत बघून देतो.